लेकीला न्यायला

तियोंगेचं पहिलं बाळ गेलं, तेव्हा सरोवराकाठचा अख्खा गाव तिच्या घरी लोटला होता. बायका चटया घेऊन मुक्कामाला आल्या, मक्याचं पीठ आणलं, तिच्याबरोबर रडल्या. पुढं कितीतरी महिने ती अंथरुणातच होती. मग एका सकाळी उठली आणि मासळी वाळवायच्या मचाणाकडे चालू लागली. दुःख होतं, सरलं, असं सगळ्यांनी धरलं. थोरली बहीण लुसुंगूनंही.

चार वर्षांनी तियोंगेनं पुन्हा अंथरूण धरलं. त्या साली मासळी जाळ्यांत मावत नव्हती. नवरा मायेचा, लेक तेम्वा दोन वर्षांची, गुटगुटीत. कुणी मेलं नव्हतं, म्हणून कुणी आलंही नाही.

लुसुंगू पलीकडच्या गावाहून होडीनं आली आणि दारातूनच सुरू झाली, "आता काय धाड भरलीय तुला? लोक आळशी म्हणतात."

"म्हणू देत."

"अगं, पण झालं तरी काय?"

"काही नाही, ताई. तेव्हा रडायला बाळ तरी होतं."

लुसुंगूनं तिला हाताला धरून उठवलं. ती तिला दवाखान्यात घेऊन गेली.

नर्सबाईंनी गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "हे दुखणं एकदा येऊन गेलं की पुन्हा येऊ शकतं. दर वेळी कारण लागतंच असं नाही. गोळ्या मध्येच सोडू नका."

गुण यायला वेळ होता. तेम्वा भुकेनं रडायची आणि तियोंगे भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. शेवटी तीच म्हणाली, "हिला घेऊन जा, ताई. मला ऐकू येतं गं, उठताच येत नाही."

लुसुंगूनं पोरीला पाठीशी बांधून नेलं.

बऱ्याच महिन्यांनी, पावसाळा सरता सरता तियोंगे लेकीला न्यायला आली. नवं कापड नेसलेली, केस विंचरलेली. जेवताना हसली, वाळल्या मासळीबरोबर मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा दुसरा गोळा मागून घेतला. तेम्वा मात्र मावशीच्या मागं लपली आणि हळूच विचारलं, "ही कोण?"

"राहा दोन-चार दिवस," लुसुंगू घाईघाईनं म्हणाली. "येईल वळणावर."

"येईल. आणि मी पुन्हा पडले तर?"

"गोळ्या घेतेयस ना?"

"घेतेय. पण पुन्हा येऊ शकतं, असंही त्याच बाई म्हणाल्या." तियोंगेनं लेकीकडे पाहिलं. "या वेळी तिला कळलं नाही, ताई. पुढच्या वेळी कळेल."

लेकीला घेऊन जा, असं लुसुंगूनं परोपरीनं सांगून पाहिलं. संध्याकाळच्या होडीनं तियोंगे एकटीच परत निघाली. काठावर मावशीच्या कडेवरून तेम्वानं हात हलवला, पाहुण्यांना हलवतात तसा.