रुखवतातलं विमान

"भाऊ, हात नका लावू, पडी जाई ते!"

मंदावहिनी पदर खोचत धावत आल्या, तोवर शालिग्रामचा हात विमानाच्या शेपटापर्यंत पोचला होता. देवपुरात मांडव पडला होता आणि पुतणीचं, प्रमिलाचं, रुखवत लांब टेबलावर मांडलं होतं. लोकरीचा ससा, मण्यांचं तोरण, काड्यापेटीच्या काड्यांचं देऊळ आणि मधोमध शालिग्रामने केलेलं विमान. पुढ्यात पुठ्ठा उभा केला होता, 'चि. सौ. कां. प्रमिलाची हस्तकला'. वैमानिकाच्या काचेवर नवरा-नवरीच्या बाहुल्या गोंदाने चिकटवल्या होत्या.

"वहिनी, मागचा पंखा कुठंय?"

"तो मीच काढा. पंखा कधी मांगे ऱ्हास का? म्हनलं, भाऊनी चुकीसन लाया व्हई. याही लोक हसतीन ना! आनि खाले ती फळी व्हती, तिन्हामुळे ते बसेच ना. तीबी विळावर कापी टाकी."

शालिग्राम पाटबंधाऱ्याच्या कचेरीत ट्रेसर होता. नकाशावर मेणकागद ठेवायचा आणि खालची रेघ वर उतरवायची, यात त्याची उमर गेली. बायको लवकरच काविळीने वारली, मूलबाळ नाही. भावाच्या घरी वरच्या खोलीत तो राहायचा आणि फावल्या वेळात लाकडी विमानं करायचा. तीही मोठ्या लढाईतल्या जर्मनांची, लढाऊ आणि दुर्मिळ. जे विमान चार लोक ओळखतात ते त्याला नको असे.

हे डॉर्नियर. जळगावला रद्दीत एका मासिकात त्याचा आराखडा सापडला. पुढे एक पंखा, मागे एक पंखा, शेपटाला वर फळी तशी खालीही. लढाई संपत आली तेव्हा थोडीशी बनली आणि तिथेच थांबली. शालिग्रामने ते सावरीच्या हलक्या लाकडात उतरवलं. दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मी सोड्यात धुऊन त्यांच्या काचा केल्या. पत्र्याचे सांधे सुईने कोरले. पंखात काडीभर फरक पडला म्हणून पहिली दोन विमानं त्याने स्वतःच बंबात घातली. कचेरीत रेघ चुकली की साहेब ब्लेडने खरवडायला लावायचा. इथे साहेब तोच होता.

"मला विचारायचं तरी," तो म्हणाला.

मोठा भाऊ रतिलाल, प्रमिलाचा बाप, पाहुण्यांना पान देत होता. तो तिथूनच म्हणाला, "पोरना लगीनमा इमान घी बठना! अरे, तुना घरमा खेयनारं तरी कोन शे?"

शेजारची दोन माणसं हसली. तेवढ्यात जामनेरची याहीण झुंबरबाई, म्हणजे प्रमिलाची होणारी सासू, बायांचा घोळका घेऊन रुखवत पाहायला आली आणि विमानापाशी थबकली.

"अय्या! हाई कोनी करं वं?"

रतिलाल पानाला चुना लावत राहिला. मुंडावळ्या बांधलेल्या प्रमिलाने आधी जमिनीकडे पाहिलं, मग काकाकडे.

"पोरीनंच केलं," शालिग्राम म्हणाला. "तिचा हात फार बारीक आहे."

"मंग तं आमनी बाई गुनी शे! देखा, शेपटावर साथ्याबी काढेल शे. वाकडा शे, पन शे ना!" झुंबरबाईने अंगठ्याने त्यावर कुंकू टेकवलं. ते स्वस्तिक देवाचं नव्हतं, लढाईतल्या जर्मनांची खूण होती. शालिग्रामने सांगितलं नाही. संध्याकाळी गाद्यांच्या ढिगावर सुतळीने बांधलेलं विमान टेम्पोतून जामनेरला गेलं.

पुढच्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या. निंबाला झोके बांधले, गौराईची गाणी सुरू झाली. प्रमिला मात्र आल्या दिवशी जिना चढून काकाच्या खोलीत गेली. वाळली होती. डावा हात पदराखाली धरला होता.

"नाना..."

"विमान कसं आहे?" शालिग्रामने विचारलं.

"मोठ्या नणंदेचा पोरगा त्यावर बसला. मोडलं."

"तुकडे?"

"चुलीत घातले. सासूबाई म्हणाल्या, पसारा नको. मीच घातले."

शालिग्राम खिडकीबाहेर बघत राहिला. प्रमिला खाली बसली आणि एका दमात बोलली.

"नाना, धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. तिच्या रुखवतात तसंच विमान पाहिजे म्हणतात. मी टाळत गेले. भाकरी वाकडी झाली की सासूबाई सगळ्यांपुढे म्हणतात, इमान बनाडस आनि भाकर गोल येत नही तुले? आता त्यांना संशय आला. म्हणाल्या, खोटं बोलून पोर गळामा बांधी व्हई तं माहेरलेच ऱ्हाय. इमान लईसनच ये. तुम्ही करून द्या ना. बाहुल्या मी लावीन, पंखा जसा पाहिजे तसा ठेवा."

पदर सरकला होता. मनगटावर भाजल्याचा काळा डाग होता. शालिग्रामने तो पाहिला. काय झालं ते विचारलं नाही.

"पुठ्ठ्यावर नाव तुझं होतं," तो म्हणाला. "कर मग."

"मला नाही येत."

"मलाही येत नव्हतं."

त्याने सावरीचा ठोकळा आणि सुरी तिच्यापुढे सरकवली.

खाली पोरी झोक्यावर उंच जात होत्या आणि वर प्रमिला लाकूड तासत होती. शालिग्राम खुर्चीत बसून बघायचा. तिने कसाबसा एक पंख केला. त्याने मापून पाहिला, गुडघ्यावर ठेवला आणि मोडला.

"जाड आहे."

"सासूबाई मोजणार नाहीत, नाना."

"मी मोजतो."

जिन्यातून मंदावहिनी ओरडल्या, "भाऊ, तुमनाच हातनं करी द्या ना! लेकरू शे ते!"

"तुम्ही या वर, वहिनी. कापायचं तुम्हाला चांगलं जमतं."

वहिनी तिथूनच रडत परतल्या.

दुसऱ्या पंखाला सुरी निसटली. बोट चांगलंच कापलं. प्रमिलाने ते तोंडात धरलं, तरी ठोकळ्यावर रक्त पडलंच.

"लाकडावर सांडू नकोस," शालिग्राम म्हणाला.

एकदा त्याचा हात सुरीकडे गेला. त्याने मनावर घेतलं असतं तर पोर जायच्या आत विमान उभं राहिलं असतं. पण विळीवर धरलेलं शेपूट डोळ्यांपुढे आलं आणि हात परत मांडीवर आला.

आखाजी झाली. जावई जीवराम बायकोला न्यायला आला. चहा झाल्यावर त्याने विचारलं, "आईनं विमान सांगितलं होतं. झालं का?"

प्रमिलाने टॉवेलात गुंडाळलेलं आणून त्याच्यापुढे ठेवलं. चिंध्या बांधलेल्या बोटांनी गाठ सोडली. खडबडीत दांडकं, त्याला एकच पंख, तोही कलता.

जीवराम आधी हसला. मग त्याने घरातल्या एकेकाकडे पाहिलं आणि त्याची नजर शालिग्रामवर थांबली.

"नाना, मांडवात तुम्हीच म्हणाला होतात ना, पोरीनं केलं म्हणून? आईनं तुमच्या तोंडावर विश्वास ठेवला."

रतिलालने भावाकडे पाहून हात जोडले. सगळ्यांच्या देखत. प्रमिला खाली मान घालून उभी होती.

शालिग्रामने एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं की केलं ते मी, खोटं बोललो ते मी, पोरीला त्यात धरू नका.

"म्हणालो होतो," शालिग्राम म्हणाला.

जीवराम उठला. पिशवी उचलली, चपला घातल्या आणि दुपारच्या गाडीने एकटाच जामनेरला गेला. पुढे निरोप नाही, कोणी न्यायला आलं नाही. नणंदेचं लग्न लागून गेल्याचं धरणगावच्या एका पाहुण्याकडून कळलं. या घरी पत्रिका आली नव्हती.

पाऊसपाणी झालं तेव्हा एका रविवारी शालिग्रामने तो ठोकळा काढला आणि रंधा मारायला घेतला. सावरीचं लाकूड मऊ असतं, पडलेलं सगळं आत ओढून घेतं. भुगा पडत राहिला, रक्ताचा डाग काही जाईना.

"नाना, ताट वाढलंय," खालून प्रमिलाने हाक मारली.

त्याने ओ दिली नाही. ठोकळा उलटा केला, कोऱ्या बाजूवर पट्टी ठेवली आणि पेन्सिलीने मधली रेघ मारली.