तिसरी वायर

नानांची गाडी विकायचं ठरलं, तेव्हा नाना एक शब्दही बोलले नाहीत. त्यांच्या दोन्ही मुलांना तो होकार वाटला. सुनांना तो अबोला वाटला, आणि या बाबतीत सुनांचा अंदाज बरोबर होता.

गाडी जुनी होती हे खरंच. उभी असली की थंडी वाजल्यासारखी थरथरायची, आणि जरा वेग द्यावा तर उचकी लागल्यासारखे धक्के खायची. थोरल्याने एकदा ती ऑफिसला नेली, तर भर चौकात बंद पडली. मागच्यांनी हॉर्न वाजवून त्याचे कान किटवले. "हिचं आयुष्य संपलं," असं घरी येऊन त्याने जाहीर केलं. धाकट्याने मान डोलावली. मोठ्या भावापुढे मान डोलावणं त्याला लहानपणापासूनच सोपं जायचं. जुन्या गाड्या विकत घेणारा एक गृहस्थ रविवारी सकाळी येऊन ती घेऊन जाणार होता.

पूर्वी नाना तिचं सगळं स्वतःच्या हाताने करायचे. पण पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वाकायला बंदी केली, आणि तेव्हापासून बॉनेट मिटलं ते मिटलंच. आता ते वरच्या गॅलरीत कुंड्यांपाशी बसून राहायचे, गाडी दिसणार नाही अशा बेताने खुर्ची वळवून.

शनिवारी दुपारी दोघे भाऊ कामावर होते, रात्री उशिरा परतणार होते. थोरली सून खालच्या खोलीत मशीनवर एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज शिवत होती. खिडकीतून तिला धाकटी जाऊ दिसली. सलवारीचे पाय वर दुमडून, नानांची हत्यारांची पेटी शेजारी ठेवून, ती बॉनेटमध्ये डोकं खुपसून उभी होती.

या दोघी जावा एका घरात राहायच्या, पण बोलायच्या कामापुरत्या. भांडण असं कधी झालं नव्हतं. थोरलीला वाटायचं, ही शिकलेली, आपल्याला काय विचारणार. धाकटीला वाटायचं, यांचं घर आधीचं, आपण मध्ये कशाला तोंड घालायचं.

थोरलीने मशीन थांबवलं आणि ती बाहेर आली. "काय चाललंय?"

"प्लग बदलते. नवे घेऊन आलेय."

"तुला येतं?"

"नाही," धाकटी म्हणाली. "व्हिडिओ बघितलाय. दोनदा."

हे उत्तर थोरलीला एकदम आवडलं. येतं म्हणाली असती, तर ती परत मशीनवर जाऊन बसली असती. तिने पदर खोचला आणि विचारलं, "मी काय धरू?"

इंजिनावर चार जाड काळ्या वायरी ओळीने उतरल्या होत्या, एकेका प्लगवर एकेक. धाकटीने पहिल्या वायरीला हात घातला आणि ओढली. वायर हलेना.

"वायर नाही ओढायची!" वरून आवाज आला. "टोपी धरायची, टोपी! पिळून वर घ्यायची!"

दोघींनी वर पाहिलं. नाना झारीने कुंडीत पाणी घालत होते. नजर रोपावर होती.

"नाना, आम्हाला काही म्हणालात का?" धाकटीने विचारलं.

"मी झाडांशी बोलतोय," नाना म्हणाले.

टोपी पिळल्यावर वायर अलगद सुटली. धाकटीने पाना घेतला, तेवढ्यात झाडांना पुन्हा उपदेश झाला: "आधी खड्ड्यातली धूळ उडवावी माणसाने. नाहीतर प्लग काढला की सगळी आत." थोरलीने सायकलचा पंप आणला. धुळीचा असा लोट उठला की दोघी शिंकून शिंकून बेजार झाल्या, आणि शिंकता शिंकता हसायला लागल्या.

जुने प्लग निघाले. तीन प्लगची टोकं तपकिरी, कोरडी होती. तिसऱ्या जागेवरचा मात्र काळाकुट्ट, ओला, पेट्रोलचा वास मारणारा.

"हा बिचारा पेटतच नव्हता," धाकटी म्हणाली. "म्हणून ती धक्के खायची."

नवे प्लग बसवताना तिने पाना उचलला मात्र, वरून झारी कठड्यावर आपटली. "आधी हाताने! आटे सरळ बसले पाहिजेत. पाना शेवटी, आणि जरासाच!" आता नाना कठड्याला रेलून सरळ खालीच बघत होते. झाडांचं नाव कोणी काढलं नाही.

धाकटी एकेक प्लग बोटांनी फिरवून बसवत होती, तोवर थोरलीने स्वच्छतेचं मनावर घेतलं. वायरींवर इतकी मेणचट धूळ होती की तिला राहवेना. तिने चारही वायरी दोन्हीकडून काढल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, कोरड्या केल्या आणि अंगणाच्या कट्ट्यावर छान मांडून ठेवल्या.

धाकटीने मागे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "ताई... कुठली कुठे होती?"

"म्हणजे? चार वायरी, चार प्लग."

"प्रत्येकीची जागा ठरलेली असते."

तरी अंदाजाने त्यांनी वायरी जोडल्या आणि चावी फिरवली. गाडीने फाट्टकन असा बार काढला की समोरच्या तारेवरचे सगळे पक्षी उडाले, शेजारीण हातातल्या लाटण्यासकट बाहेर आली, आणि थोरली कट्ट्यावर मटकन बसली.

गॅलरीतून एक विचित्र आवाज येऊ लागला. दोघी घाबरून बघतात तर नाना हसत होते. कठडा धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. ऑपरेशन झाल्यापासून ते असे हसल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

"नाना, क्रम सांगा ना!" धाकटी ओरडली.

नाना हसायचे थांबले. कपाळ चोळलं. "एक... चार... नाही. अगं, बोटांवर होता माझ्या. आठवत नाही." त्यांचा आवाज एवढासा झाला.

तेव्हा थोरली उठली. तिने वायरी पुन्हा काढल्या आणि कट्ट्यावर शेजारी शेजारी ताणून धरल्या. "हे बघ, एकीची लांबी दुसरीशी जुळत नाही. कोणी उगाच कमी-जास्त कापेल का? बाही ज्या हाताची त्याच हाताला बसते." तिने एकेक वायर दोन्ही टोकांना लावून पाहिली. चुकीच्या जागी एखादी ताणायची, नाहीतर फुगा धरायची. बराच वेळ उलटसुलट केल्यावर चारही कुठेही ताण न पडता आपापल्या खाचेत बसल्या.

चावी फिरवली. गाडी सुरू झाली! थोरलीचा जीव भांड्यात पडला. पण थोड्याच वेळात पुन्हा ती जुनी थरथर.

एव्हाना नाना जिन्याचा कठडा धरत धरत खाली उतरले होते. "वायर गळत असेल," ते म्हणाले. "अंधारू दे जरा. इस्त्रीची पाण्याची बाटली आणा. आणि हात लांब ठेवा, झटका बसतो."

दिवेलागणीला, इंजिन चालू ठेवून, थोरलीने वायरींवर लांबून बारीक फवारा मारला. तिसऱ्या वायरीच्या पोटातून एक निळी ठिणगी टुणकन उडून शेजारच्या पत्र्यावर गेली. मग आणखी एक. मग तड तड तड, नुसती रांग.

"अय्या!" दोघी एकदमच म्हणाल्या.

वायर पत्र्याला घासून तिथे चिरली होती, आणि प्लगला मिळायची ती वीज वाटेतच पळत होती. धाकटी धावत जाऊन बंद होणाऱ्या दुकानातून वायरींचा नवा संच घेऊन आली. या खेपेला थोरलीने एकेकच वायर काढली आणि एकेकच लावली. कोणी काहीही बोललं तरी तिने मान वर केली नाही.

नानांनी चावी फिरवली. इंजिन इतकं मऊ चाललं की धाकटीने बॉनेटवर तळहात ठेवून खात्री केली. नानांनी थोरलीच्या काळ्या हातांकडे पाहिलं, मग धाकटीच्या, आणि खिशातला आपला धुतलेला रुमाल दोघींच्या मध्ये धरला.

रविवारी गाड्या घेणारा आला. त्याने चावी फिरवून आवाज ऐकला आणि भुवया उंचावल्या. "मला तर मेलेली गाडी सांगितली होती," तो थोरल्याला म्हणाला. "हिला मी जास्त देईन."

थोरला खूश होऊन नानांकडे वळला. "बघा नाना, काय म्हणता?"

"मला काय विचारतोस? सुनांना विचार."

"नाही द्यायची," दोन्ही सुना एका सुरात म्हणाल्या, आणि एकमेकींकडे बघून दचकल्या. धाकट्याने सवयीने मान डोलावली; मग कोणासाठी डोलावली हे लक्षात येऊन भावाकडे चोरून पाहिलं.

तो गृहस्थ चहा घेऊन, हसत निघून गेला. थोरल्याने बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं. "हे तुम्ही दोघींनी केलं?" त्याने विचारलं. "मग मला मागच्या महिन्यात का नाही सांगितलंत? चौकात माझी शोभा झाली नसती."

"आम्हाला तरी कुठे माहीत होतं. चला, एक चक्कर मारून येऊ," थोरली म्हणाली आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली. धाकटी धावत जाऊन शेजारची जागा पकडून मोकळी. "येताना मी चालवणार, ताई. लायसन नवं आहे, वापरायला हवं."

नाना मागे खिडकीशी बसले. थोरला त्यांच्या शेजारी, पाय आखडून. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा धाकटा मागून ओरडत धावत येत होता, एकाच पायात चप्पल घालून; दुसरी त्याला अजून सापडली नव्हती.