घट बसेपर्यंत

"या नावाचं सॅम्पल आमच्याकडे आलेलंच नाही, मॅडम."

"वैजयंती पेडणेकर. नेरूळ. परत बघता का?"

"दोनदा बघितलं."

लॅबमधल्या मुलीने फोन ठेवला, तरी वैजयंतीचा हात कानापाशीच राहिला. गेल्या आठवड्यात स्तनातल्या गाठीचा तुकडा काढल्यावर डॉक्टरांनी तो औषधी पाण्याच्या बाटलीत घालून ती बाटली तिच्या नवऱ्याच्या, दिनानाथच्या हाती दिली होती आणि लॅबमध्ये पोचवायला सांगितले होते. तेव्हापासून फोन वाजला की ती हातातले काम टाकून धावे. आज राहवले नाही, म्हणून तिनेच फोन लावला होता.

दिनानाथ रबाळ्याच्या कारखान्यातून आला आणि बूट काढायला वाकला.

"बाटली कुठे आहे?"

तो वाकलेलाच राहिला. मग निमूटपणे माळ्यावरची हत्यारांची पेटी त्याने खाली घेतली. पान्यांच्या मागे, फडक्यात गुंडाळलेली बाटली होती.

"पितृपक्ष चालू आहे ना, वैजू. अशा दिवसांत असली वस्तू कशी देऊ? घट बसले की लगेच देणार होतो."

"कारखान्यात रोज नमुने तपासायला पाठवता. तिथे पितृपक्ष नसतो?"

"तिथे लोखंड असतं गं."

तिने बाटली उजेडात धरली. तळाशी भिजल्या शेंगदाण्याएवढा पांढुरका तुकडा होता. ज्या उत्तराच्या धास्तीने तिला आठवडाभर अन्न गोड लागले नव्हते, त्याचा प्रश्नच कुणाला विचारला गेला नव्हता. ओरडावे असेही तिला वाटेना.

"आणि 'टेन्शन घेऊ नकोस' असं रोज कुणाला सांगत होतात?"

दिनानाथ पेटीचे झाकण लावू लागला.

"स्कूटर काढा," ती म्हणाली. "बाटली मी धरते."

लॅबच्या खिडकीतल्या मुलीने चिठ्ठीवरची तारीख पाहिली, मग दोघांकडे पाहिले.

"फॉर्मलिनच्या पाण्यात आहे, चालेल. पाच-सहा दिवस लागतील."

दिनानाथ खिडकीत वाकला. "जरा लवकर नाही का होणार, ताई?"

वैजयंती त्याच्याकडे बघतच राहिली. त्याची कॉलर घामाने भिजली होती, आणि तो अगदी मनापासून विचारत होता.

मुलीने बाटलीवर नंबर चिकटवला आणि ती आत नेली. वैजयंतीची बोटे मात्र अजून बाटली धरल्यासारखीच वळलेली होती.