माझ्या पोटात धाकटीचं पत्र

मी एक जुना कागदी वाडगा आहे. जुना म्हणजे अवघ्या एका वर्षाचा. पण कागदाच्या वाडग्याला वर्ष म्हणजे चिक्कार झालं. या घडीला मी पाण्याच्या बादलीत बसलो आहे आणि माझा काठ मऊ पडायला लागला आहे. म्हणून मित्रांनो, सांगायचं ते भरभर सांगतो. माझ्या पोटात एक पत्र आहे. ते एका म्हाताऱ्या माणसाला हवं आहे, आणि मी मोडल्याशिवाय ते त्याच्या हाती लागणार नाही.

माझा जन्म मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीतला. तो म्हातारा माणूस म्हणजे आजोबा, पूर्वी पुस्तकांची बांधणी करायचे. त्यांचा जन्म खळ, दोरा आणि पुठ्ठा यांच्यातच गेला. आता ते घरात एकटे. सुट्टीला त्यांची नात आली. सात वर्षांची, आणि एका जागी बसेल तर शपथ! आजोबा तिला भिंगरीच म्हणत. दोन दिवस तिने घर डोक्यावर घेतलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळपासून "कंटाळा आला, कंटाळा आला" सुरू केलं.

"कंटाळा आला? बरं. मग रद्दी आण, मैद्याचा डबा आण, आणि मोठा स्टीलचा वाडगा घे," आजोबा म्हणाले. "विकत काहीसुद्धा आणायचं नाही. जे बाहेर टाकतो त्याचंच करायचं."

त्यांनी पातेल्यात मैद्याची खळ शिजवली. "बाइंडिंगच्या खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. पण ते विष. आणि तुझी बोटं तर सारखी तोंडात," असं म्हणून त्यांनी नुसतं मीठ टाकलं. स्टीलचा वाडगा पालथा घातला, त्याला तेलाचा हात लावला. वर्तमानपत्र उभं फाडलं की सरळ पट्टी निघते आणि आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं, हे भिंगरीला तेव्हा कळलं. मग पट्टी खळीत बुडवायची, दोन बोटांत निपटायची आणि वाडग्यावर बसवायची. दिवसाला दोन थर, मग खिडकीत उन्हाला.

काम मात्र पुढे सरकेना. कारण आजोबा प्रत्येक पट्टी आधी वाचायचे! "अगं, चोर पळाला एवढंच आहे इथे. सापडला की नाही? बघ बघ, उरलेली बातमी शोध." मग दोघं रद्दीत डोकं खुपसून बसायचे. तो चोर काही शेवटपर्यंत सापडला नाही. माझ्या आयुष्यातले खरे सुखाचे दिवस म्हणाल तर तेच चार.

चौथ्या दिवशी आजोबा म्हणाले, "शेवटचा थर कोऱ्या कागदाचा हवा हं. नाहीतर रंगातून छपाई डोकावते." आणि जेवून आडवे झाले. भिंगरीने कोरा कागद शोधला. टेबलावर वर्तमानपत्राच्या घडीत तिला एक निळा कागद मिळाला, एका बाजूने लिहिलेला, दुसऱ्या बाजूने कोरा. पाकीटही होतं. तिने दोन्ही उभे फाडले, अगदी शिकवल्यासारखे, आणि लिहिलेली बाजू आत ठेवून माझ्यावर चिकटवले. संध्याकाळी वाळल्यावर रंगपेटीतला पिवळा रंग दिला. आजोबांनी मला स्टीलवरून अलगद सोडवलं, काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "शाबास! माझ्या कारखान्यात एवढं साफ काम कोणी करत नव्हतं."

मित्रांनो, ते पत्र आजोबांच्या धाकट्या बहिणीचं होतं. एका घरच्या कार्यात आजोबा तिला चारचौघांत नको ते बोलले होते. त्यावर अकरा वर्षं अबोला. शेवटी तिनेच लिहिलं, नव्या घराचा पत्ता कळवला. आजोबा आठ दिवस ते पत्र पेपरच्या घडीत घालून घरभर फिरवत होते, कारण उत्तर काय लिहावं हेच त्यांना सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "भिंगरे, इथे एक निळा कागद होता. पाहिलास का गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "नाही," ती म्हणाली.

मी तिला दोष देत नाही. शाबासकी अजून ताजी होती, ती कोणाला परत द्यावीशी वाटेल? पण त्यानंतर तिने मला एकदाही हात लावला नाही. सुट्टी संपली, आईबाबा आले आणि ती निघून गेली.

मग उरलो आम्ही दोघं. आजोबांनी गादी उलटली, कपाट रिकामं केलं, सगळ्या सदऱ्यांचे खिसे पाहिले. बहिणीच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं, ते 'येथे राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत आलं. रोज शोधून दमले की ते चष्मा माझ्यात ठेवत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं! चष्म्याच्या खाली, बोटभर अंतरावर तिचा पत्ता, आणि मला वाचा नाही. "तिला वाटत असेल, दादाचा राग अजून गेला नाही," ते एकदा मलाच म्हणाले. त्या घरात बोलायला दुसरं होतं तरी कोण? मला फार एकटं वाटायचं. त्यांनाही वाटत असणार.

आज भिंगरी पुन्हा आली. पिशवी खाली ठेवली आणि सरळ माझ्यासमोर येऊन रडायला लागली. "आजोबा, तुम्ही रागावणार नाही ना? पत्र ह्याच्यात आहे. मीच लावलं."

आजोबांनी मला उचललं, काठावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "रडू नको. पेपरच्या घडीत पत्र मी ठेवलं. आणि खळीचं काम पाण्यात सुटतं. बादली भर."

आत्ताच माझा बाहेरचा थर सुटला. आजोबांनी एकेक निळी पट्टी नखाने उचलून फरशीवर लावली. शाई पसरली आहे, पण वाचता येतं. शेवटची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली, "दादा, तू ये. मी वाट बघते." मग पत्ता कागदावर उतरवला आणि चपला शोधू लागले.

"आता उत्तर लिहीत बसायला नको. वर्ष गेलं. चल, गाडी किती वाजता आहे ते विचारू."

"आणि वाडगा?" भिंगरीने विचारलं.

"आल्यावर नवा करू."

दार लागलं. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. घरात आता कोणी नाही आणि माझा तळही सुटायला लागला आहे. मित्रांनो, सुट्टीत माझ्यासारखे वाडगे खुशाल करा. रद्दी आणि मूठभर मैदा, बस्स. फक्त हातातला कागद कुणाचा आहे हे एकदा विचारा, आणि चूक झालीच तर त्याच दिवशी सांगून टाका. वाडगे काय, पुन्हा होतात. माझी काळजी करू नका. आजोबांची धाकटी बहीण अजून त्याच पत्त्यावर असू दे, एवढंच म्हणा.