कुणी विचारलंच नव्हतं

कस्तुराला मुलगी झाली ती एकाहत्तर साली, पिंपरीच्या चाळीत, सुईणीच्या हातून. वार पडली आणि रक्त थांबेना. दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. जगली, पण तिला दूध आलं नाही. एक थेंबही नाही.

"कोरडी आई आली पोरीच्या नशिबी," सासू सरूबाई शेजारणींना सांगायची. पोर वरच्या दुधावर वाढली.

पाळी पुन्हा आलीच नाही. भुवया विरळ झाल्या, आवाज घोगरा झाला. भर मे महिन्यात कस्तुरा शाल पांघरून बसायची. हंडा उचलला की डोळ्यांपुढे अंधारी. नवरा ज्योतीराम कंपनीतून यायचा तेव्हा चूल थंड आणि ही भिंतीला टेकून झोपलेली.

"मशीनवर मी उभा राहतो, आणि झोप तुला येते?"

चौथ्या वर्षी आळशी म्हणून त्यानं तिला चिखलीला भावाकडे आणून सोडलं. पोर ठेवून घेतली, दुसरी बायको केली.

अठ्ठ्याहत्तर साली साध्या तापात कस्तुरा बेशुद्ध पडली. भाऊ ज्ञानदेवानं तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. शुद्ध आल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? दूध आलं होतं?"

सात वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते," बाई म्हणाल्या. "तिच्यातून रक्तात संप्रेरकं उतरतात. गळ्यातली ग्रंथी, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी, अंडाशय, सगळी त्यांच्या हुकमावर चालतात. दूधही त्यांच्यामुळेच येतं. रक्त गेलं तेव्हा तुमची ती ग्रंथी मेली. तुमचा दोष नाही."

गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत अंगात ऊब आली. डॉक्टरीणबाईंनी आजार लिहून दिलेला कागद घेऊन ती पिंपरीला गेली.

सरूबाईनं कागदाला हात लावला नाही. "गोळीनं बरी झालीस न्हवं? मग तवाच का न्हाई खाल्लीस?"

"तेव्हा दवाखान्यात कोण नेणार होतं, आत्याबाई?"

ज्योतीरामनं कागद वाचला, घडी घालून परत दिला. "आता काय करायचं, कस्तुरा," एवढंच बोलला. आतून कस्तुराची मुलगी आली आणि सवतीचा पदर धरून उभी राहिली.

"आई, कोण गं ही?"

"चिखलीची मावशी हाय," सवत म्हणाली.

कस्तुरानं ते खोडलं नाही. आता मूल होणं अवघड, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं.

पुढे भोसरीच्या एका वर्कशॉपात तिला स्क्रू निवडायचं काम लागलं. महिन्याभरानं मुकादम म्हणाला, "बाई, हात लई चपळ हाय तुमचा."

त्या दुपारी तिनं डबा उघडला नाही. नळापाशी उभी राहून रडली.