पाटी नसलेली खानावळ

लातुरात माझ्या खानावळीला बावीस वर्षं पाटी नव्हती. क्लासची मुलं विचारत विचारत मागच्या बोळातून यायची. रोज चाळीस ताटं. माझी धपाटी खाऊन किती डॉक्टर झाले, मोजायला मला सवड नव्हती.

पाटी का नव्हती, ते माझं मला ठाऊक. मी अहमदपूरकडच्या पाटलाची सून. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाला, "इथंच राहा वहिनी, दोन घास मिळतील." दोन घास! मी उठले आणि लातूर गाठलं. पण पाटलीण भाकरी विकून राहिली, हे गावाला दिसायला नको. म्हणून पुढचं दार कायम बंद. विरूपाक्ष, माझा एकुलता एक, तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला पढवून ठेवलं, "कुणी विचारलं तर सांगायचं, आमच्याकडं पाहुणे लई येतात."

मोठा होऊन त्यानं मोबाईलचं दुकान काढलं, मग पाण्याचे जार, मग मंडपाचं सामान. तिन्ही बसले. त्याचा जीव धंद्यात नसतोच, उद्घाटनात असतो. फीत, नारळ, चौकात स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स. आठव्या दिवशी गल्ल्यावर बसून जांभया.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात म्हणाला, "माय, खानावळीच्या खोल्या दे. केकचं दुकान टाकतो."

"अन् मुलांनी जेवायचं कुठं?"

"किती दिवस चुलीपुढं मरणार तू?"

"मी कुठं मेले? मेले तुझे तीन धंदे."

सून शिवकांता तोंडाला पदर लावून हसली. ते त्याला लागलं.

"हसा. शाळेत पोरं मला म्हणायची, बाप नसलेल्या घरी रोज एवढे पाहुणे कशाला येतात रे? मला कळायचं काय म्हणतेत ते. तरी तू सांगितलेलंच सांगायचो." मग हळू आवाजात म्हणाला, "दारावर नाव पाहिजे, माय. घरात काय चालतं ते रस्त्यावरून दिसंल असं."

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी पुढच्या दाराची कडी काढली. खोल्या दिल्या. चूल मोडली.

दिवाळीपर्यंत दुकान बसलं. काचेच्या कपाटात आता शिवकांता वाळवणाचे डबे ठेवते. दारावर विरूपाक्षचं नाव तेवढं आहे, रस्त्यावरून दिसतं. यंदा जूनमध्ये नवी मुलं मागच्या दारी आली, "मावशी, मेस हाय का?" मी न्हाई म्हणाले. पिठाची परात आता मला एकटीला उचलत नाही.

विरूपाक्ष नांदेडला जागा बघत फिरतो आहे. पाचव्या धंद्यासाठी. काल दिराचा फोन आला, पोरगा काय करतो म्हणून. शिवकांतानं उचलला.

"घरी न्हाईत ते," ती म्हणाली. "पाहुण्यांकडं गेलेत."

तिला मी काही पढवलं नव्हतं.