जखमी, हजर

करुणाने लिंबू असं कापलं की सुरी बाकाच्या फळीतच रुतून बसली.

"लिंबाचा जीव घेतेस का गं?" गोलमधून मंगल ओरडली. "आमची लिंबूटिंबू!"

मैदानभर हशा पिकला. करुणाने प्लॅस्टरमधला पाय रागाने आपटला आणि स्वतःच कळवळली. खेळात जिला घेतात पण जिचा डाव धरत नाहीत, ती लिंबूटिंबू. आणि हे कुणाला म्हणायचं, तर एशियाडच्या वर्षी शाळेने मुलींचा फुटबॉल संघ काढला तेव्हा पहिला गोल मारणाऱ्या करुणा पगारेला!

हा सगळा धोंडगे सरांचा नियम. देवळालीला तोफखान्यात वीस वर्षं काढलेला माणूस. दुखापत झाली म्हणून घरी लोळायचं नाही. रोज मैदानावर यायचं, हजेरीला "जखमी, हजर" म्हणायचं, लिंबं कापायची आणि बाकावरून जे दिसेल ते ओरडून सांगायचं.

ओरडायला करुणाला शिकवावं लागलं नाही. राग इतका होता की शब्द आपोआप यायचे, आणि त्यातले निम्मे भागीच्या वाट्याला.

भागी गावित सुरगाण्याकडची, वसतिगृहात राहणारी. बूट चावतात म्हणून अनवाणीच धावायची. करुणाचा पाय मोडला तेव्हा पाठीवर पिनांनी लावायचा सात नंबर भागीकडे गेला.

"भागे, मान वर कर! बॉल काय पळून जातोय? दे आता! उद्या देणार आहेस का?"

वाईट म्हणजे भागी ऐकायची. मान वर करायची, बॉल द्यायची. महिन्याभरात ती अशी काही खेळू लागली की करुणाला स्वतःच्याच तोंडाचा संताप यायला लागला.

पण आता फक्त तीन दिवस. उद्या, शुक्रवारी, प्लॅस्टर निघणार होतं आणि रविवारी मालेगावच्या मुलींशी फायनल होती. रविवारी मी खेळणार, हे तिने अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी कंपासपेटीत, कर्कटकाच्या खाली घडी करून ठेवली होती.

भागीने उजवीकडून मुसंडी मारली. करुणा ओरडायला उठली आणि तशीच थांबली.

भागीच्या पायात आज बूट होते. वर गुडघ्यापर्यंत मोजे. अनवाणी पोरीला आजच कसे सुचले? आणि उजवी टाच ती टेकवत नव्हती. वळताना ओठ आत ओढून घेत होती.

करुणाला हे धावणं ओळखीचं होतं. पाय मोडायच्या आधी आठ दिवस ती अशीच धावली होती. कुणाला सांगितलं नव्हतं.

हातातलं लिंबू तिने इतकं दाबलं की बिया फ्रॉकवर उडाल्या. समोरून लांब बॉल आला. भागी निघाली.

"सर! थांबवा! भागीचा पाय बघा!"

शिट्टी वाजली.

"काय नाय झालेलं," भागी म्हणाली. "बरा हाय माझा पाय."

"मग टाच टेकव."

भागीने टेकवली नाही. सरांनी खाली बसून बूट-मोजा उतरवला, घोटा नुसता चाचपला. भागीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"बरं जमलं बाईसाहेबांचं," मंगल मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "उद्या प्लॅस्टर निघतंय ना!"

भागी लंगडत बाकापाशी आली. पाठीवरचा सात नंबर तिने पिनांसकट ओढला. कापड टरकन फाटलं.

"घे. हेच पायजे होतं ना तुला? माझा बा येणार होता रविवारी. यष्टीनं, सुरगाण्याहून. मला खेळताना बघायला."

"मग त्यांना काय मोडका पाय दाखवणार होतीस?" करुणाचा आवाज फाटला. "मूर्ख कुठली!"

तिने कंपासपेटी खसकन उघडली. कर्कटक खाली पडलं. चिठ्ठी तिने सरांच्या हातात कोंबली.

सरांनी ती दोनदा वाचली. "दीड महिना धावायचं नाही? कधीची चिठ्ठी?"

"सोमवारची."

मंगल हातमोजे ओढत बसली. भागीने करुणाकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी करुणा कुबडी घेऊन मैदानावर आली. प्लॅस्टरमधून निघालेला पाय शेवग्याच्या शेंगेसारखा झाला होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, तिच्याकडे पाठ करून, घोट्याला पट्टी बांधलेली भागी.

"करुणा पगारे."

"जखमी, हजर."

"भागी गावित."

भागी गवत उपटत राहिली.

"भागी गावित!"

सरांनी हजेरीच्या वहीतून वर पाहिलं. मग भागीच्या नावापुढची जागा कोरी सोडून त्यांनी शिट्टी वाजवली.

सात नंबर आता आठवीतल्या नव्या मुलीच्या पाठीवर होता, मधोमध शिवलेला. पहिलाच बॉल तिच्या पायातून निसटला. दुसरा तिने खाली बघत बघत रेषेबाहेर नेला. करुणाने तोंड उघडलं.

"मान वर कर गं!" आवाज बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून आला, खणखणीत. "बॉल काय पळून जातोय व्हय?"

करुणाने तोंड मिटलं आणि लिंबाची पिशवी बाकाच्या मधोमध सरकवली.

सरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि हजेरीची वही उघडली.